विल्यम शॉक्ले : ट्रान्झिस्टरचा सांधा जुळवला, माणसांशी मात्र तुटला

पांढुर्णा/सौंसर : ट्रान्झिस्टर म्हटलं की आपल्याकडच्या साठी-सत्तरीतल्या माणसांच्या डोळ्यांपुढे एकच वस्तू येते. खांद्याला पट्टा अडकवून वावरात, बागेत, बैलगाडीत कुठंही नेता येणारा रेडिओ. संत्र्याची तोड चालू असताना फांदीला टांगलेला. नागपूर आकाशवाणीच्या बातम्या, शेतकऱ्यांचे कार्यक्रम, बुधवारी रात्री बिनाका गीतमाला, सगळं त्याच खोक्यातून यायचं. रेडिओ ठेवायला तेव्हा पोस्टातून परवाना काढावा लागे, तरी लोक हौसेनं घेत.

खरं तर ट्रान्झिस्टर हे रेडिओचं नावच नाही. ते आतल्या, तीन पाय असलेल्या, वाटाण्याएवढ्या तुकड्याचं नाव आहे. त्या तुकड्यात तीन थर आणि दोन सांधे असतात. हे सांधे कसे काम करतील ते ज्यानं आधी कागदावर मांडलं आणि ज्याचं म्हणणं नंतर प्रत्यक्षात उतरलं, तो माणूस म्हणजे विल्यम शॉक्ले. १९८९ साली तो वारला. त्याच्या कामाला जगात जेवढा मान आहे, तेवढीच त्याच्या नावाची नालस्तीही आहे. दोन्ही त्यानं स्वतःच कमावलं.

हट्टी पोर, हुशार पोर

शॉक्लेचा जन्म १३ फेब्रुवारी १९१० चा, लंडनचा. आईवडील मात्र अमेरिकन. वडील खाणींचे इंजिनिअर, कामासाठी देशोदेशी फिरलेले. आई मे हीसुद्धा स्टॅनफर्ड विद्यापीठाची पदवीधर आणि नेवाडा राज्यात खाणींची सरकारी मोजणी करणारी. बाईनं असं काम करणं त्या काळी अमेरिकेतही नवलाचं होतं. पोरगा तीन वर्षांचा असताना बिऱ्हाड कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो गावात आलं.

पोरगा भलताच रागीट. आठ वर्षांचा होईपर्यंत त्याला शाळेत घातलंच नाही, घरीच शिकवलं. शेजारी स्टॅनफर्डचे भौतिकशास्त्राचे एक प्राध्यापक राहत, त्यांच्याकडे जाऊन बसायची सवय लागली आणि विज्ञानाची गोडीही. १९२५ मध्ये वडील गेले. १९३२ ला कॅलटेकची पदवी आणि १९३६ ला एमआयटीची डॉक्टरेट मिळाली. डॉक्टरेटचा विषय होता मीठ. मिठाच्या स्फटिकात इलेक्ट्रॉन कसे राहतात, त्याचा हिशेब.

त्याच वर्षी शॉक्ले बेल लॅबमध्ये लागला. ही अमेरिकेतल्या मोठ्या टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा. आवाज मोठा करायला तेव्हा काचेचे व्हॉल्व्ह वापरत. ते तापायचे, वीज खायचे आणि जळायचेही. एक फोन दुसऱ्याला जोडायला लोखंडी रिले होते, ते हळू चालायचे आणि झिजायचे. साहेब मर्विन केली यांची मागणी साधी होती. न तापणारी, न झिजणारी, हलणारे भाग नसलेली कळ हवी. ही गोष्ट शॉक्लेच्या डोक्यात बसली ती कायमची.

मध्येच दुसरं महायुद्ध आलं. शत्रूच्या पाणबुड्यांवर विमानातून हल्ला कसा करावा याचे हिशेब त्यानं मांडून दिले. बॉम्बफेकी विमानांच्या वैमानिकांना रडार वापरायचं प्रशिक्षण उभं केलं. १९४६ मध्ये सरकारनं त्याला पदक दिलं. आकड्यांच्या जोरावर कुठलाही प्रश्न सुटतो, हा विश्वास या काळात पक्का झाला असावा. पुढं तोच विश्वास त्याला भलतीकडं घेऊन गेला.

डिसेंबर १९४७ : आनंद आणि जळफळाट

युद्धानंतर शॉक्ले बेल लॅबमध्ये घन पदार्थांवर काम करणाऱ्या गटाचा एक प्रमुख झाला. हाताखाली जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन ही जोडी होती. बार्डीन शांत, गणितात पक्का. ब्रॅटन हातानं प्रयोग करणारा कसबी माणूस.

शॉक्लेची पहिली कल्पना अशी होती : अर्धवाहकाच्या, म्हणजे सेमीकंडक्टरच्या पट्टीजवळ विजेचा भार आणायचा आणि पट्टीतून जाणारा प्रवाह कमीजास्त करायचा. कागदावर जमलं, टेबलावर जमेना. का जमत नाही ते बार्डीननं शोधलं. पट्टीच्या पृष्ठभागावरच इलेक्ट्रॉन अडकून बसतात आणि बाहेरच्या भाराचा परिणाम आत पोचू देत नाहीत.

त्या धाग्यावर काम करताना बार्डीन आणि ब्रॅटन यांना १६ डिसेंबर १९४७ ला दुसराच मार्ग सापडला. प्लास्टिकच्या त्रिकोणी तुकड्यावर सोन्याचा पातळ पत्रा चिकटवला, टोकाशी ब्लेडनं चिरून त्याचे दोन भाग केले आणि ते टोक जर्मेनियमवर दाबलं. एका बाजूनं दिलेला बारीक इशारा दुसऱ्या बाजूला मोठा होऊन आला. २३ डिसेंबरला वरिष्ठांना प्रात्यक्षिक दाखवलं. पहिला ट्रान्झिस्टर जन्मला.

गटाचा प्रमुख शॉक्ले, पण शोध दोघांचा. पेटंटवरही त्याचं नाव येणार नव्हतं. त्याच्या मूळ कल्पनेसारखं पेटंट लिलिएनफेल्ड नावाच्या शास्त्रज्ञानं कित्येक वर्षं आधीच घेऊन ठेवलं होतं, म्हणून वकिलांनी शॉक्लेला बाजूला ठेवलं. हे त्याला फार लागलं. नव्या वर्षाच्या तोंडावर तो शिकागोच्या एका हॉटेलात उतरला होता. बाहेर लोक नववर्षाच्या जल्लोषात आणि हा खोलीत वही घेऊन बसलेला. महिनाभर डोकं लावून २३ जानेवारी १९४८ ला त्यानं वहीत नवीच रचना मांडली. टोकं दाबायची नाहीत. एकाच स्फटिकात तीन थर, मधे दोन सांधे.

ही गोष्ट काही आठवडे त्यानं सहकाऱ्यांनाही सांगितली नाही. फेब्रुवारीत जॉन शाइव्ह या सहकाऱ्यानं एक प्रयोग सांगितला. त्यात प्रवाह जर्मेनियमच्या पृष्ठभागावरून नव्हे, थेट आतून जात होता. आता दुसराच कोणी आपल्या कल्पनेपर्यंत पोचेल, हे शॉक्लेनं ओळखलं आणि तिथंच उठून सगळं सांगून टाकलं. जूनमध्ये पेटंटचा अर्ज गेला. गॉर्डन टील आणि मॉर्गन स्पार्क्स यांनी १९५० मध्ये तसा स्फटिक वाढवून दाखवला आणि जुलै १९५१ मध्ये जगाला त्याची बातमी कळली. सोन्याच्या टोकांचा नाजूक ट्रान्झिस्टर मागं पडला. कारखान्यात गेला तो शॉक्लेचा.

तीन थरांची करामत

आता हे थर आणि सांधे म्हणजे काय ते बघू. सिलिकॉनच्या प्रत्येक अणूला बाहेरच्या बाजूला चार इलेक्ट्रॉन असतात, म्हणजे चार हात समजा. शुद्ध स्फटिकात प्रत्येकानं चार शेजाऱ्यांचे हात धरलेले. कोणी मोकळं नाही, म्हणून वीज जवळजवळ वाहतच नाही.

त्यात अगदी चिमूटभर फॉस्फरस मिसळला तर काय होईल? त्याला पाच हात. चार गुंतले, एक इलेक्ट्रॉन मोकळा राहिला. हा झाला एन थर. फॉस्फरसऐवजी बोरॉन मिसळलं तर त्याला तीनच हात, म्हणजे एक जागा रिकामी. हा झाला पी थर. पंगतीत एक पान रिकामं राहिलं, शेजारचा सरकून तिथं बसला की रिकामं पान पुढं सरकतं. तशीच ही रिकामी जागा स्फटिकातून सरकत जाते. तिला होल म्हणतात आणि ती धन भारासारखी वागते.

पी आणि एन थर एकमेकांना लागून आले की सांधा तयार होतो. सीमेजवळचे मोकळे इलेक्ट्रॉन पलीकडं जाऊन रिकाम्या जागा भरतात. त्यामुळं सीमेवर एक बारीक पट्टी अशी उरते की तिथं ना मोकळा इलेक्ट्रॉन, ना होल. मागं राहिलेल्या अणूंवरचा भार मात्र तिथंच असतो आणि त्याची भिंत उभी राहते. बॅटरी एका दिशेनं लावली तर भिंत खाली येते. सिलिकॉनमध्ये साधारण ०.६ ते ०.७ व्होल्ट मिळाले की प्रवाह सुरू. बॅटरी उलटी लावली तर पट्टी रुंदावते, भिंत उंच होते आणि प्रवाह जवळपास बंद. एवढं केलं की झाला डायोड.

ट्रान्झिस्टरमध्ये असे दोन सांधे पाठीला पाठ लावून असतात. एन, पी, एन असे थर घेऊ. पहिला एमिटर, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणारा. मधला बेस. शेवटचा कलेक्टर, म्हणजे गोळा करणारा. एमिटरकडचा सांधा सुलट ठेवतात आणि कलेक्टरकडचा उलट.

सगळी गंमत मधल्या बेसमध्ये आहे. तो अतिशय पातळ आणि कमी भेसळीचा ठेवतात. एमिटरमधून इलेक्ट्रॉन बेसमध्ये शिरतात. तिथं होल थोडेच, अंतरही थोडं, त्यामुळं एखाद्या होलमध्ये पडायच्या आत बहुतेक इलेक्ट्रॉन पलीकडच्या काठाला पोचतात. कलेक्टरचा सांधा उलटा असला तरी या पाहुण्या इलेक्ट्रॉनांना तो आडवत नाही, उलट ओढून घेतो. शंभरातले नव्व्याण्णव कलेक्टरला जातात, एखादा बेसमध्ये अडकतो. जो अडकला त्याची भरपाई बेसच्या तारेतून करावी लागते. म्हणजे बेसला एक रुपया दिला की कलेक्टरला शंभराच्या आसपास हलतात. बेसचा प्रवाह थोडा वाढवला की मोठा प्रवाह त्याच पटीत वाढतो. रेडिओच्या तारेवर आलेला मुंगीएवढा इशारा स्पीकरमधून गाणं होऊन येतो, तो असा.

पी थरात शिरलेल्या या थोड्या इलेक्ट्रॉनांना शास्त्रात अल्पसंख्य वाहक म्हणतात. परक्या थरात गेलेले हे थोडकेच वाहक सगळं काम ओढतात, हा शॉक्लेच्या मांडणीचा गाभा. १९४९ च्या लेखात आणि १९५० च्या ग्रंथात त्यानं हे गणितासह मांडलं. जगभरचे इंजिनिअर त्यावरच शिकले.

सांधा तुटतो कसा

उलट दिशेनं सांधा वीज अडवतो खरा, पण त्यालाही मर्यादा असते. ती ओलांडली की अडवलेला प्रवाह एकदम सुटतो. याला सांधा तुटणं किंवा ब्रेकडाऊन म्हणतात.

पन्नास व्होल्टनं एवढं काय होतं, असं वाटेल. साधं त्रैराशिक करा. सांध्यावरची पट्टी असते साधारण एका मायक्रॉनच्या मापातली आणि एका सेंटिमीटरमध्ये १०,००० मायक्रॉन असतात. एका मायक्रॉनवर ३० व्होल्ट पडले तर तो ताण दर सेंटिमीटरला ३ लाख व्होल्ट एवढा झाला. सिलिकॉनची सोसायची ताकद साधारण तिथंच संपते.

या ताणात एखादा इलेक्ट्रॉन इतका वेग घेतो की अणूवर आपटून दुसरा इलेक्ट्रॉन मोकळा करतो. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. घाटात एक दगड सुटला की दरड खाली यावी तसं होतं. शास्त्रज्ञ याला हिमस्खलनाचं नाव देतात, अ‍ॅव्हलांच. दुसरा प्रकार जास्त भेसळीच्या सांध्यात होतो. तिथं पट्टी इतकी पातळ असते की इलेक्ट्रॉन भिंतीवरून न जाता तिच्यातूनच पार होतात. याला झेनर ब्रेकडाऊन म्हणतात.

दुरुस्ती करणाऱ्यांना माहीत असलेली एक गोष्ट यावरून समजते. बाजारात बीसी ५४७ हा ट्रान्झिस्टर सगळीकडं मिळतो. त्याच्या कलेक्टर आणि बेसमध्ये ५० व्होल्ट चालतात, पण एमिटर आणि बेसमध्ये उलट दिशेनं फक्त ६. कारण एमिटरमध्ये भेसळ जास्त, म्हणून त्याची पट्टी पातळ आणि कमी व्होल्टमध्येच ताण हद्दीपलीकडं जातो. बेसची तार मोकळी सोडली तर कलेक्टर ते एमिटर ही मर्यादा ५० वरून ४५ वर येते. दरडीचे पहिले दगड सुटले की ट्रान्झिस्टर त्यांनाच बेसचा प्रवाह समजून आणखी वाढवतो. आपणच आपल्याला तोडतो म्हणा ना. बेस फारच पातळ असेल तर कलेक्टरची पट्टी रुंदावत थेट एमिटरला जाऊन टेकते आणि मधला थर असून नसल्यासारखा होतो.

एक गैरसमज इथं दूर करायला हवा. नुसतं ब्रेकडाऊन झालं म्हणून ट्रान्झिस्टर मरतोच असं नाही. प्रवाहाला पुढं रेझिस्टरचा लगाम असेल आणि व्होल्ट उतरले तर सांधा बहुतेक वेळा पूर्ववत होतो. झेनर डायोड तर मुद्दाम याच अवस्थेत चालवतात. मारते ती उष्णता. प्रवाह पसरून न जाता एकाच ठिकाणी गोळा झाला की तिथं तापतं. तापलं की तिथूनच आणखी प्रवाह जातो. शेवटी तो ठिपका वितळतो आणि सांधा कायमचा शॉर्ट. मीटर दोन्हीकडून सारखंच दाखवतो. एमिटरचा सांधा वारंवार उलटा तुटत राहिला तर ट्रान्झिस्टर लगेच मरत नाही, पण त्याची प्रवाह वाढवायची ताकद हळूहळू उतरते. दुखणं अंगावर काढल्यासारखं.

धोका कुठून येतो तेही ठरलेलं आहे. रिलेची किंवा मोटरची कॉइल बंद करताना तिच्यातली साठलेली ऊर्जा मोठा झटका देते. पावसाळ्यात जवळपास वीज पडली की लांब तारांमधून झटका येतो. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत स्वेटरची वीजसुद्धा पुरते. म्हणून कॉइलवर उलटा डायोड, बेसला रेझिस्टर आणि मोठ्या ट्रान्झिस्टरला अ‍ॅल्युमिनियमची पट्टी लावतात. दहा-वीस पैसे वाचवायला यातलं काही काढून टाकलं की तीच वस्तू पुन्हा दुकानात येते.

नाव एकाचं, कारण दुसरंच

सांधा तुटण्याच्या या गोष्टीतही शॉक्ले आहे. १९३४ मध्ये क्लॅरेन्स झेनर यांनी इलेक्ट्रॉन भिंतीतून पार होण्याचा सिद्धांत मांडला होता. १९५१ मध्ये शॉक्ले आणि सहकाऱ्यांनी जर्मेनियमच्या सांध्यात उलट दिशेचा प्रवाह एकदम वाढताना पाहिला आणि हा झेनरचाच परिणाम, असं जाहीर केलं. झेनर डायोड हे नाव त्यातून रूढ झालं.

दोनच वर्षांनी, १९५३ मध्ये, बेल लॅबच्याच मॅके आणि मॅकअ‍ॅफी यांनी प्रयोगानं दाखवलं की बहुतेक सांध्यांत कारण झेनरचं नाही, दरडीचं आहे. यातला मॅकअ‍ॅफी तर १९५१ च्या लेखात शॉक्लेचा सहलेखक होता. सिलिकॉनमध्ये साधारण ५ व्होल्टच्या खाली झेनर आणि त्यावर अ‍ॅव्हलांच, हा हिशेब पुढं पक्का झाला. आजही दुकानात १२ व्होल्टचा झेनर मागतात, तो खरा अ‍ॅव्हलांचचा असतो. विज्ञानात असं चालतं. मोठ्या माणसाचं म्हणणंही प्रयोगात टिकलं नाही तर मागं पडतं आणि त्यात कोणाचा अपमान नसतो. भौतिकशास्त्रात शॉक्लेला हे चालत होतं. पुढं मात्र ही शिस्त त्यानं सोडली.

नोबेल आलं, माणसं गेली

बेल लॅबमध्ये बार्डीन आणि ब्रॅटन यांना शॉक्लेनं नव्या कामापासून दूर ठेवलं. बार्डीन कंटाळून १९५१ मध्ये इलिनॉय विद्यापीठात गेला आणि १९७२ मध्ये दुसरं नोबेल घेऊन आला. भौतिकशास्त्राचं नोबेल दोनदा मिळालेला तो एकटाच. शॉक्लेही बढती अडल्यामुळं बाहेर पडला. अर्नोल्ड बेकमन या उद्योजकाच्या पैशावर १९५६ मध्ये त्यानं माउंटन व्ह्यू गावात स्वतःची प्रयोगशाळा काढली. म्हातारी आई जवळच पालो आल्टोला राहत होती. फळबागांच्या त्या खोऱ्यात सिलिकॉन आलं ते असं. आज त्यालाच सिलिकॉन व्हॅली म्हणतात.

१९५६ च्या नोव्हेंबरच्या सुरुवातीला नोबेलची बातमी आली, शॉक्ले, बार्डीन आणि ब्रॅटन यांना मिळून. त्याच दिवसांत, १ नोव्हेंबर १९५६ ला, आपल्याकडं राज्यांची फेररचना झाली. नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि पांढुर्णा-सौंसरची मराठी घरं राजधानी नागपूरपासून तुटली. रेडिओच्या लहरींना मात्र सीमा नव्हती. काही वर्षांत व्हॉल्व्हचा जड रेडिओ जाऊन बॅटरीवरचा ट्रान्झिस्टर आला, जिथं वीज नव्हती तिथंही नागपूरची मराठी ऐकू येऊ लागली. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं १९६२ मध्ये जर्मेनियमचे अर्धवाहक बनवायला घेतले आणि देशी ट्रान्झिस्टरही मिळू लागले.

इकडं शॉक्लेच्या प्रयोगशाळेत वातावरण बिघडत होतं. माणसं त्यानं नामी निवडली होती, रॉबर्ट नॉइस, गॉर्डन मूर, जीन होर्नी. पण विश्वास कोणावरच नाही. सगळ्यांचे पगार भिंतीवर लावले. एका कर्मचारी बाईच्या हाताला काहीतरी टोचलं तर त्याला घातपाताचा संशय आला आणि लोकांची खोटं पकडायच्या यंत्रावर तपासणी करायला निघाला. निघालं काय, तर तुटकी टाचणी. सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर बनवायचे सोडून तो आपल्या आवडत्या चार थरांच्या डायोडमागं लागला होता. बेकमनकडं तक्रार करून उपयोग झाला नाही. १८ सप्टेंबर १९५७ ला आठ जणांनी एकदम राजीनामे दिले आणि फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर उभी केली. तिथंच होर्नीनं सांध्यांवर ऑक्साइडचं कायमचं आवरण ठेवायची पद्धत काढली, त्यामुळं सांधे ओल आणि घाणीपासून वाचले. तिथंच नॉइसनं एका तुकड्यावर अनेक ट्रान्झिस्टर जोडायचा मार्ग दिला. नॉइस आणि मूर यांनी १९६८ मध्ये इंटेल काढली. शॉक्लेची कंपनी १९६० मध्ये विकली गेली.

आज मोबाइलमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात. ते बहुतेक शॉक्लेच्या तीन थरांच्या जातीचे नाहीत, तर भारानं प्रवाह कमीजास्त करायच्या त्या पहिल्या, फसलेल्या कल्पनेच्या जातीचे आहेत. तसा ट्रान्झिस्टर १९६० च्या सुमारास बेल लॅबमध्ये अटाला आणि कांग यांनी चालवून दाखवला. शॉक्लेला तो जमला नाही.

माणसं मोजायला निघाला

१९६१ मध्ये मोटारीच्या अपघातात शॉक्ले फार जखमी झाला. १९६३ पासून स्टॅनफर्डमध्ये प्राध्यापकी सुरू झाली. वर्गात तो चांगला शिकवायचा, जादूचे प्रयोगही करून दाखवायचा. पण साठच्या दशकाच्या मध्यापासून त्यानं भलताच विषय धरला. माणसाची बुद्धी वंशावर ठरते, कृष्णवर्णीय जन्मतःच कमी बुद्धीचे असतात, असं तो जाहीर सांगू लागला. कमी बुद्ध्यांकाच्या लोकांना पैसे देऊन त्यांची नसबंदी करावी, अशी योजनाही त्यानं मांडली.

आनुवंशिकतेचा त्याचा अभ्यास नव्हता. त्या विषयातल्या तज्ज्ञांनी चुका दाखवल्या. गरिबी, शाळा, पिढ्यान्‌पिढ्यांचा भेदभाव यांचा हिशेब न धरता परीक्षेच्या गुणांवरून वंश तोलता येत नाही, हे सांगितलं. अमेरिकेच्या विज्ञान अकादमीनं त्याचे ठराव पुन्हा पुन्हा फेटाळले. तो ऐकेना. ट्रान्झिस्टरच्या बाबतीत जे सहकारी चूक दाखवू शकत होते, तसं आता जवळ कोणी उरलं नव्हतं.

जन्मावरून माणसाची किंमत ठरवणं म्हणजे काय, हे आपल्या भागाला अमेरिकेकडून शिकायची गरज नाही. ज्या वर्षी शॉक्लेला नोबेल मिळालं, त्याच १९५६ च्या १४ ऑक्टोबरला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. इथं हे काम पोथीच्या नावानं चालत आलं होतं, शॉक्लेनं ते विज्ञानाच्या नावानं केलं. नोबेलचा शिक्का असल्यामुळं त्याचं म्हणणं छापून येत होतं आणि ज्यांना तेच ऐकायचं होतं त्यांच्या हाती कोलीत मिळत होतं.

अटलांटाच्या एका वर्तमानपत्रानं त्याच्या योजनेची तुलना नाझींच्या प्रयोगांशी केली. शॉक्लेनं साडेबारा लाख डॉलरचा दावा लावला. १९८४ मध्ये ज्युरीनं निकाल त्याच्या बाजूनं दिला, भरपाई मात्र एक डॉलर. १९८२ मध्ये सिनेटसाठी रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी मागितली, त्यात आठवा आला. स्वतःच्या तीन मुलांबद्दलही त्यानं मुलाखतीत सांगून टाकलं की ती आपल्यापेक्षा कमी निपजली आणि त्याला पहिली बायको कारण आहे.

शेवट

१२ ऑगस्ट १९८९ ला प्रोस्टेटच्या कॅन्सरनं शॉक्ले स्टॅनफर्डला वारला. अखेरीस जवळ होती ती दुसरी बायको एमिली. मुलांना बापाच्या मरणाची खबर बातम्यांतून कळली.

पांढुर्णा किंवा सौंसरच्या दुकानात एखादा पोरगा आज अ‍ॅम्प्लिफायर उघडून जळका ट्रान्झिस्टर काढतो, नवा लावतो. लावण्याआधी जुना का जळला ते बघतो, कारण कारण सापडलं नाही तर नवाही जळणार. त्याच्या या कामामागं शॉक्लेचं गणित आहे आणि ते खरं आहे, कारण ते प्रयोगात उतरलं. माणसांबद्दलचा त्याचा हिशेब कुठल्याच कसोटीला उतरला नाही. नोबेल दोन्हींना सारखं खरं करू शकलं नाही. त्याचा ट्रान्झिस्टर आपण घेतला, तो घेण्यासारखाच होता. माणसं मोजायची त्याची पट्टी मात्र घेऊ नये आणि कोणी मोठ्या नावाखाली ती पुन्हा आणली तर ओळखता यावी.